एक गोळी, अनेक शरीरे

औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘के’ अनुसूचीत एक छोटीशी नोंद आहे. गावाची लोकसंख्या हजारापेक्षा जास्त नसेल, तर तिथल्या दुकानदाराला काही ‘घरगुती औषधे’ विकायला परवाना लागत नाही. बाळांच्या ग्राइप वॉटरसोबत अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल आणि अ‍ॅनाल्जिन या तीन गोळ्या त्या यादीत आहेत. अ‍ॅनाल्जिनवर सरकारने जून २०१३ मध्ये बंदी घातली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अटी घालून ती उठवली, हेही इथे सांगायला हवे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या अक्कलकुवा तालुक्यात ही नोंद ज्यांना लागू पडते अशी गावे बरीच आहेत. तिथे दुखण्यावरची गोळी मिळते ती मीठ, तेल आणि साबणाच्या शेजारी.

ही मुभा रास्तच आहे. देवगोईच्या घाटापलीकडच्या एखाद्या पाड्यावरून दात ठणकणाऱ्या माणसाने चिठ्ठीसाठी अक्कलकुव्यापर्यंत यावे, असे कोणी म्हणणार नाही. रस्ता नसलेल्या वस्त्यांमधून आजारी माणसाला आजही बांबूच्या झोळीतून आणावे लागते. अडचण सुरू होते ती त्या तीन नावांच्या पुढे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही सगळी ‘एच’ अनुसूचीतली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधे. प्रत्यक्षात मात्र ‘अंगदुखीची द्या’ एवढ्या दोन शब्दांवर ती देशभर मिळतात. चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांचा वेगळा, नीट आखलेला वर्ग आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे कोणती गोळी कोणाला, किती आणि कधीपर्यंत द्यायची, हा निर्णय दुकानदार, शेजारी आणि घरातली मोठी माणसे मिळून घेतात. त्यांच्या हाती देण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

पाकिटावरची मात्रा कोणासाठी असते? जेवलेल्या, पुरेसे पाणी प्यायलेल्या, पन्नास-साठ किलोंच्या पुढच्या, मूत्रपिंड आणि यकृत ठणठणीत असलेल्या प्रौढ माणसासाठी. अक्कलकुव्यात गोळी घेणारे शरीर पुष्कळदा तसे नसते. ते हलके असते, उन्हात तापलेले असते, कधी गरोदर असते, कधी सिकलसेलग्रस्त असते. या पुस्तकाचा सारा खटाटोप त्या फरकासाठी आहे.

वेदनाशामकांचा इतिहास विलोच्या सालीपासून सांगण्याची पद्धत आहे. एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने १७६३ मध्ये त्या सालीच्या चूर्णाने ताप उतरतो असे रॉयल सोसायटीला कळवले. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन याने अ‍ॅस्पिरिन शुद्ध रूपात तयार केले आणि दोन वर्षांनी ते बाजारात आले. पॅरासिटामॉलची वाट जास्त वळणांची. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये अ‍ॅसिटॅनिलाइडने ताप उतरतो हे योगायोगाने लक्षात आले, पाठोपाठ फिनॅसेटिन आले, आणि शरीरात या दोन्हींचे जे पॅरासिटामॉल होते तेच खरे काम करते हे ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९४८ मध्ये दाखवले. आयबुप्रोफेन १९६० च्या दशकात नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. ही औषधे नेमके काय करतात, हे मात्र १९७१ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी जॉन व्हेन यांनी दाखवले की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाही. त्यांना १९८२ चे नोबेल मिळाले.

या शोधातच धोक्याचेही स्पष्टीकरण आहे. प्रोस्टाग्लँडिन दुखावते, सूज आणते. पण जठराचे अस्तर तेच राखते, आणि शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही तेच उघड्या ठेवते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन तेवढे वेचून थांबवत नाही. रक्तातून हे औषध सगळीकडे जाते. म्हणूनच ‘सुई घेतली की पोटाला त्रास नाही’ हा गावोगावचा समज खोटा आहे. सुईतले औषधही रक्तावाटे जठरापर्यंत पोहोचते आणि तिथले अस्तर उघडे पाडते.

कामगार आणि गोळी यांच्या नात्याचा सर्वात बोलका दाखला स्वीडनमधला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हुस्कवर्ना गावातल्या शस्त्रकारखान्याचे डॉक्टर योर्टन यांनी फिनॅसेटिन, फेनाझोन आणि कॅफिन यांची पुडी द्यायला सुरुवात केली. साथ ओसरली, पुडी राहिली. तिने अंग हलके होते, कामाचा वेग टिकतो, म्हणून कामगार ती रोज घेऊ लागले. वाढदिवसाला पुड्यांचे पाकीट भेट देण्यापर्यंत तिचा शिरकाव झाला. पुढे त्या गावात मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे मरू लागली. कुर्ट ग्रिमलुंड या डॉक्टरांनी १९६३ मध्ये त्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या कामगारांना आजार नव्हता. कामाचा वेग माणसाला सोसवणार नाही इतका होता, आणि तो सोसण्यासाठी पुडी होती.

हे वाचताना नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकाला ऊसतोड आठवल्याशिवाय राहणार नाही. दिवाळीनंतर पाड्यांवरून जोडप्याजोडप्याने माणसे दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे निघतात. पहाटेपासून वाकून तोडणी, डोक्यावर मोळी, रात्री-अपरात्री गाडी भरणे. मुकादमाची उचल फेडायची असल्याने खाडा परवडत नाही. कंबर धरली की गोळी, गोळीने नाही थांबले की सुई. मध्य अमेरिकेत एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ऊसतोड्यांमधल्या मूत्रपिंडाच्या एका वेगळ्याच आजाराकडे लक्ष वेधले. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तरुण माणसांची मूत्रपिंडे जात होती. त्यामागे प्रचंड उष्णता, कमी पाणी आणि अतिश्रम असावेत असे बहुतेक संशोधक मानतात. वेदनाशामकांनी त्यात भर पडते का, याचा अभ्यास चालू आहे. आपल्याकडे तोच आजार आहे असे म्हणण्याचा अधिकार या पुस्तकाला नाही, आणि ते तसे म्हणतही नाही. पण घामाने कोरडे पडलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक टाकणे धोक्याचे आहे, हे व्हेन यांच्या शोधानंतर कोणालाही कळावे.

दुखणे हा काही ऊसतोड्यांचाच वाटा नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये भिगवण गावात घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के माणसांना सांधे, स्नायू किंवा हाडांची वेदना होती. गावात वेदना किती आहे, हे महाराष्ट्रात इतक्या नेटाने त्याआधी क्वचितच कोणी मोजले होते.

एकाला गोळी लागू पडते, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला बाधते. असे का होते, याकडे पाहण्याच्या निरनिराळ्या परंपरा आहेत. एका परंपरेने मज्जासंस्थेकडे पाहिले. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जाताना मज्जारज्जूतच कमी-जास्त होतो. भीती, लक्ष, पूर्वानुभव यांचा त्यात हात असतो. म्हणून ‘एवढ्याशा जखमेला इतके काय दुखते?’ हा प्रश्न शास्त्रालाही धरून नाही.

दुसरी परंपरा आनुवंशिकतेची. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातले रॉबर्ट स्मिथ यांनी १९७० च्या दशकात प्रयोगासाठी सहकाऱ्यांबरोबर स्वतःही रक्तदाबाचे एक औषध घेतले. इतरांना काही झाले नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका उतरला की त्यांना उभे राहवेना. ते औषध मोडणारे यकृतातले एंझाइम त्यांच्यात जवळजवळ कामच करत नव्हते, हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोडीन या वेदनाशामकाचे मॉर्फिन करणारे एंझाइमही तेच. ज्यांच्यात ते मंद, त्यांना कोडीनने आराम पडत नाही; ज्यांच्यात ते फार जलद, त्यांच्यात नेहमीच्या मात्रेतूनही जास्त मॉर्फिन तयार होऊन श्वास मंदावू शकतो. ट्रॅमाडॉलचेही बरेचसे असेच. ‘माझ्या भावाला हीच गोळी चालली’ हा पुरावा किती तोकडा आहे, हे यावरून दिसते.

शरीराशरीरातला फरक किती टोकाला जाऊ शकतो, हे गिधाडांनी आपला जीव देऊन दाखवले. माणूस सर्रास घेतो ते डायक्लोफेनॅक गुरांना दिले जाई; मेलेले जनावर खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत. लिंडसे ओक्स यांच्या चमूने २००४ मध्ये हे सिद्ध केले, भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, आणि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जाऊ नयेत म्हणून २०१५ मध्ये सुईची कुपी तीन मिलिलिटरवर आणली. तोवर गिधाडांच्या तीन जाती जवळपास संपल्या होत्या. त्याच कुळातले मेलोक्सिकॅम मात्र गिधाडांना चालते.

तिसरी परंपरा औषधांच्या राजकारणाची, आणि तिच्यात महाराष्ट्र-गुजरातचा वाटा मोठा आहे. १९७५ च्या हाथी समितीने मोजक्या, आवश्यक औषधांचा आग्रह धरला. बडोद्याच्या लोकॉस्ट या संस्थेने १९८३ पासून स्वस्त आणि दर्जेदार गोळ्या बनवून दाखवल्या. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यात औषधांचा पुरवठा आणि वापर तपासून किती औषधे विनाकारण लिहिली जातात याचा हिशेब १९९८ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. लोकविज्ञान संघटनेसारख्या चळवळींनी तो विषय मराठीत आणला. हे पुस्तक त्याच कुळातले आहे, याचा उल्लेख लेखकांनी केला नसला तरी प्रस्तावनेत तो व्हायला हवा.

आता पॅरासिटामॉलचा साधा हिशेब. एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. बेचाळीस किलोंच्या बाईसाठी दिवसाची वरची मर्यादा होते २,५२० मिलिग्रॅम. तिने ६५०ची गोळी चार वेळा घेतली तर २,६०० होतात. सोबत सर्दीची गोळी तीन वेळा घेतली, आणि त्या प्रत्येकीत ५०० पॅरासिटामॉल असेल, तर ४,१०० होतात. धडधाकट, वजनदार माणसासाठीही चार हजारांच्या पुढे जायचे नसते. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असते. सॅरिडॉनमध्येही पॅरासिटामॉल आहे. नावे निराळी, आतला माल एकच. यकृतात पॅरासिटामॉलचा काही भाग विषारी द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथायोन ते विष निकामी करते. उपाशी, कुपोषित माणसाकडे ग्लुटाथायोनचा साठा कमी असतो, रोज मोहाची दारू पिणाऱ्याकडेही. नुकसान झाल्याचे पहिल्या दिवशी कळतही नाही.

वजनाचा हा हिशेब आश्रमशाळेत तर फारच महत्त्वाचा. एकाच वसतिगृहात सहा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा असतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे. तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. राय यांनी वर्णन केलेला मेंदू आणि यकृताचा जीवघेणा आजार त्याच्याशी जोडला गेला. डेंग्यूचा संशय असेल किंवा साप चावला असेल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांपैकी काहीच नको. ती रक्तस्राव वाढवतात.

आणि मग सिकलसेल. अक्कलकुव्यात वेदनेविषयी लिहायचे आणि त्याला बाजूला ठेवायचे, हे शक्य नाही. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले, लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले, आणि १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार सापडल्यावर भारताला त्याची ओळख झाली. महाराष्ट्रातल्या आदिवासींमध्ये तो गावोगाव शोधण्याचे काम पुण्याच्या डॉ. सु. ल. काटे यांनी आयुष्यभर केले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांमध्ये सिकलसेलचे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचे त्यांनी नोंदवले. यात बहुतेक जण नुसते वाहक असतात आणि वाहकाला सहसा त्रास होत नाही. म्हणूनच वाहकाच्या प्रत्येक अंगदुखीचे खापर सिकलसेलवर फोडणे चूक आहे.

रुग्णाचे दुखणे मात्र काही औरच. पेशी कडक होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पलीकडच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि ते आकांत करते. थंडी, ताप, अतिश्रम, पाण्याची कमतरता यांपैकी काहीही निमित्त पुरते. वर सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची पाणी राखण्याची ताकद लहानपणापासूनच कमी होत जाते. लघवी जास्त होते, शरीर लवकर कोरडे पडते, आणि त्यामुळे पुन्हा पेशी अडकतात. अशा मूत्रपिंडावर डायक्लोफेनॅकच्या सुयांचा मारा झाला तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

तरीही या रुग्णांना गोळ्यांची भीती घालून वेदनेत ठेवणे हा दुसरा, तितकाच मोठा अन्याय आहे. वारंवार वेदनेचे झटके येणाऱ्या मुलाला रुग्णालयात ‘नाटक करतो’, ‘सवय लागली’ असे ऐकावे लागते. अफूवर्गीय औषध पुन्हा पुन्हा घेतले की शरीर त्याला सरावते आणि तितक्याच आरामासाठी जास्त मात्रा लागते. व्यसन ही वेगळी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांची उपचारपद्धत सुचवली आणि मॉर्फिनला तिच्यात मानाची जागा दिली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंतही कमी झाली. असह्य झटक्यात रुग्णालयात मॉर्फिन मिळणे हा सिकलसेल रुग्णाचा हक्क आहे, असे या पुस्तकाने स्वच्छ लिहिले आहे आणि ते योग्य आहे. झटकेच कमी व्हावेत म्हणून हायड्रॉक्सियुरिया आहे. त्याचा उपयोग १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाला.

हे सगळे आत्ताच का लिहायचे? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. हजारो तरुणांच्या हातात आता निदानाचे कार्ड येत आहे. कार्डाने आजाराचे नाव सांगितले. रात्री दोन वाजता पाय फुटल्यासारखा दुखू लागला तर काय करायचे, हे कोणी सांगायचे? बाजारही स्थिर नाही. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात असिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ यांची गोळीही होती. औषधाचा वाईट परिणाम कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तो प्रत्येक मेडिकलच्या भिंतीवर असायला हवा.

अक्कलकुवा या विषयाचे ठिकाण म्हणून निवडण्यात लेखकांची आणखी एक जाण दिसते. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता याच गावातून जातो, आणि त्याच्या एका टोकाला औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांचे शहर आहे. गावातच जामिया या स्थानिक शिक्षणसंस्थेचे अली अल्लाना फार्मसी महाविद्यालय आहे, युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आहे. औषध आणि औषधाचे शिक्षण दोन्ही हाताशी आहे. पाड्यापर्यंत जायचे राहिले आहे ते ज्ञान.

त्यामुळे पुस्तकाची रचनाही औषधांच्या यादीने सुरू होत नाही. ती समोरच्या माणसाने सुरू होते. वजन किती, आज पाणी किती प्यायले, लघवी नीट होते का, शौच काळे होते का, पाळी चुकली आहे का, दारू घेता का, सिकलसेलचे कार्ड आहे का, आणखी कोणती गोळी चालू आहे? गोळी हातावर ठेवण्याआधी आशाताईने, दुकानदाराने, वसतिगृहाच्या अधीक्षकाने आणि मुकादमानेही हे विचारावे, अशी त्याची मांडणी आहे. भिली आणि पावरी बोलणाऱ्यांसाठी चित्रे आहेत. मराठी छापील मजकूर सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही, हे लेखक जाणतात. डोकेदुखीसाठी महिन्यात पंधरा-पंधरा दिवस गोळी घेणाऱ्यांना पुस्तक सांगते की आता गोळीच डोके दुखवत असेल. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर आयबुप्रोफेन वर्गातली गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, हेही ते ठळकपणे सांगते.

एका निर्णयावर वाद होईल. सिकलसेलच्या रुग्णांना घरी आयबुप्रोफेन अजिबात घेऊ देऊ नये, असे मानणारे डॉक्टर आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. लेखकांनी तसे केलेले नाही. आधी भरपूर पाणी, ऊब आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. तेवढ्याने भागले नाही, तर मूत्रपिंड ठीक असल्याचे डॉक्टरांनी आधी तपासून सांगितले आहे, लघवी नेहमीसारखी होते आहे आणि पोटात अन्न आहे अशाच रुग्णाने, ठरवून दिलेल्या मात्रेत, फार तर दोन-तीन दिवस आयबुप्रोफेन घ्यावे. छातीत दुखणे, धाप, ताप किंवा डोळे पिवळे होणे दिसले तर गोळीची वाट न पाहता १०८ ला फोन. सरसकट मनाई केली, तर पाड्यावरचा रुग्ण वेदनेने उठून नाव नसलेल्या कुपीतली सुई टोचून घ्यायला जाईल. तिथे कोणी त्याचे वजन विचारणार नाही, पाणीही नाही. त्यापेक्षा मर्यादा आखून दिलेली ओळखीची गोळी बरी, हा लेखकांचा युक्तिवाद पटतो. ज्या डॉक्टरांना तो पटणार नाही, त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींसह तसे कळवावे, म्हणजे पुढच्या आवृत्तीत त्या पानावर त्यांचेही म्हणणे घेता येईल.